बांधावरचा शेतकरी आणि रक्तातली साखर

(ऊस विकास विभाग, राजापूर गट)



या सदरातून आजवर आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट कुजविणे, खोडव्याची निगा अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळी पाहणी पिकाची नाही, पिकविणाऱ्याची आहे. हा विषय डॉक्टरांचा, त्यात ऊस विकास अधिकाऱ्याने का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

मागील हंगामात आमच्या गटातील एका सभासदांच्या उसाची तोडणी चालू होती. वय चोपन्न, अंगाने सडसडीत. गावात त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. टोळीबरोबर फडात फिरताना तुटलेल्या उसाचे धस त्यांच्या पायाच्या बोटाला लागले. दुखले नाही, म्हणून लक्ष दिले नाही. हळद भरली, फडके बांधले, आणि शेवटची गाडी जाईपर्यंत तसेच फिरले. पंधरा दिवसांनी बोट काळे पडले. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. बोट काढावे लागले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तात्यांचा एकच प्रश्न होता, "साहेब, साखरेचा रोग खुर्चीत बसणाऱ्याला होतो म्हणतात. मी शेतकरी माणूस. मला कसा झाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

१. एका दिवसाचा हिशेब

प्लॉटची नोंद घेताना आम्ही लागणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, खताचे डोस लिहून घेतो. त्याच पद्धतीने तात्यांजवळ बसून त्यांचा पायाला लागण्यापूर्वीचा नेहमीचा एक दिवस लिहून काढला.

सकाळी सहाला उठणे, चहा. मोटार मोबाईलवरून चालू. आठला मोटरसायकलवरून शेतात, अंतर एक किलोमीटर. बांधावर उभे राहून पाणी कुठवर आले ते पाहणे. परत घरी, न्याहारी, चहा. दहाला मोटरसायकलवरून बाजारात, सोसायटीत किंवा दुकानाच्या बाकावर. दोन चहा. दुपारी भाताचे जेवण, मग झोप. चारला चहा. पुन्हा मोटरसायकलवरून शेतावर फेरी. रात्री जेवण, टी. व्ही., झोप.

पायांनी चालणे किती झाले? बेरीज केली तर वीस मिनिटे. तात्या स्वतःच गप्प झाले.

आता त्यांच्या वडिलांचा हिशेब पाहा. एक एकर जमीन बैलांच्या जोताने नांगरायची, तास आठ इंची धरले, तर नांगऱ्याला किती चालावे लागते? एकराचे क्षेत्र सुमारे ४,०४७ चौरस मीटर, तासाची रुंदी २० सेंटीमीटर. भागाकार केला तर २० किलोमीटर होतात. हे फक्त एका नांगरटीचे. उभी-आडवी केली तर ४० किलोमीटर, तेही ढेकळांतून, नांगर दाबून धरत. शिवाय भाजावळ, चिखलणी, लावणी, लाटेने पाणी काढणे, डोक्यावरचे भारे. बंदराचा माल अणुस्कुऱ्याच्या घाटाने वर जायचा तेव्हा माणसे तो घाट पायी चढत होती. आपल्या वाड्यांच्या पाखाड्या आणि घाट्या हाच त्या पिढीचा आखाडा होता.

आता नांगरट ट्रॅक्टर करतो, चिखलणी पॉवर टिलर करतो, तण औषधाने मरते, गवत ग्रासकटर कापतो, ऊस टोळी तोडते. यात वाईट काही नाही. त्या कष्टांनी माणसे अकाली वाकत होती, ते दिवस परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शेती आपल्याकडेच राहिली आणि शेतातले अंगकाम आपल्या हातून गेले. ताटातला भात आणि कपातली साखर मात्र जोत धरणाऱ्या वडिलांइतकीच राहिली. जमा तेवढीच आणि खर्च निम्म्याहून कमी, असा हा ताळेबंद आहे.

२. यार्ड भरले, मिल बंद

खाल्लेल्या भाताची, भाकरीची, गोडाची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. पण रक्तात साखर राहायला जागा फार थोडी. निरोगी मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी सुमारे ५ ग्रॅमच, म्हणजे चहाचा एक चमचाभर साखर असते. जेवणातून तर तिच्या कितीतरी पट येते. ती जाते कुठे?

कारखान्यावर ऊस येतो, यार्डात गाड्या लागतात, गव्हाणीतून मिलमध्ये जातात. शरीरात रक्त हे यार्ड आणि मांड्या, पोटऱ्या, पाठ, दंड यांचे स्नायू ही मिल. जेवणानंतर आलेल्या साखरेचा मोठा भाग स्नायू उचलतात. काही लगेच जाळतात, काही साठवून ठेवतात. हे साठ्याचे गोदामही मर्यादित आहे. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात साधारण १०० ग्रॅम. स्नायूंतले गोदाम रिकामे होण्याचा खरा मार्ग एकच, हालचाल.

माणूस बसूनच राहिला तर गोदाम भरलेलेच राहते. नवी साखर आत घ्यायला स्नायू कुरकुर करतात. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन म्हणजे गाडी आत सोडण्याचा परवाना. आत जागा नाही म्हटल्यावर शरीर जास्त जास्त परवाने काढते आणि तरी गाड्या हलत नाहीत. जादा मालाची चरबी होते, ती पोटात आणि यकृतात साठते, आणि ती चरबी इन्शुलिनच्या कामात आणखी अडथळा करते. काही वर्षांनी परवाने काढणारे खातेच थकते. तेव्हा रक्तातली साखर वाढलेली दिसते. त्याच्या जोडीने रक्तदाब आणि रक्तातली चरबीही बहुधा वाढते. हृदय, मूत्रपिंड, डोळे, पायांच्या शिरा या सगळ्यांना त्याची झळ लागते. तात्यांच्या पायाच्या शिरा आधीच बधिर झाल्या होत्या, म्हणून धस लागलेले दुखले नाही.

यात निसर्गाची एक मोठी सोय आहे. स्नायू काम करू लागला की तो इन्शुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. म्हणजे परवान्याशिवाय उघडणारा एक दरवाजा आहे, आणि तो चालल्याने उघडतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे केले तर साखर कमी चढते, ती यामुळे.

३. ड्रायव्हर आणि कंडक्टर

बैठ्या कामाने अपाय होतो हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते लंडनच्या बसगाड्यांत. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९४९ पासून तेथील वाहतूक कामगारांच्या हृदयविकाराच्या नोंदी गोळा केल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन मजली बस, पगार आणि वस्ती साधारण सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढ-उतर करी. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी त्यातून दगावण्याचे प्रमाण कमी होते.

पुढे १९५६ साली त्यांनीच गणवेशाचे माप तपासले. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि हा फरक तरुण वयापासूनच होता. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता, काही भाग पोटाचाही होता. तेव्हापासून अशा पाहण्या अनेक देशांत झाल्या आणि निष्कर्ष पक्का झाला. बसणे आणि पोट हे जोडीने चालणारे बैल आहेत.

आपण शेतकरी स्वतःला कंडक्टर समजतो. तात्यांच्या हिशेबावरून दिसते की आपल्यातले बरेचजण आता ड्रायव्हर झाले आहेत.

४. "मी तर बारीक आहे"

ही समजूत सर्वांत घातक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या शेतकरी कुटुंबांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी. पण बाळ हलके असले तरी अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. 'दिसायला बारीक, आतून चरबी' हा आपल्या लोकांचा बांधा जन्मापासूनच असतो, असे त्यातून पुढे आले.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. काटा सारखा, उतारा वेगळा! उसात नाही का, दोन गाड्यांचे वजन तेच आणि रिकव्हरी निराळी?

म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटीमीटर (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर (साडेएकतीस इंच) ही आपल्याकडील मर्यादा धरतात. तात्यांचे हातपाय काटकुळे, पण कंबर ९६ भरली.

५. खेड्यातले आकडे

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्रासह तीन राज्ये व चंदीगड येथील चौदा हजारांवर लोकांची हालचाल मोजली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत शहरातील ६५ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. खेड्यांत हे प्रमाण ५० टक्के होते. खेड्यातला दर दुसरा माणूस!

याच परिषदेचा देशभराचा अहवाल २०२३ साली आला. मधुमेह शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. अर्थ सरळ आहे. शहरात पीक उभे राहिले आहे, आपल्याकडे पेर झाली आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला मात्र अजून मागे फिरता येते. म्हणूनच हा लेख आता लिहिला.

६. काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते, पण आरती म्हणता येत नाही, एवढी. हे आपल्या शेतात कसे बसवायचे ते पाहू.

(१) सऱ्या चाला. चार फुटी सरीच्या एक एकर उसाची प्रत्येक सरी एकदा चालली तर ३.३ किलोमीटर होतात. मऊ जमिनीत पाऊण तास लागतो. लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत आठवड्यातून चार दिवस एवढे केले की तीन तासांचे चालणे झाले. शिवाय पोंगेमर, हुमणी, तुटाळ वेळेवर दिसते. बांधावरून फक्त पहिल्या चार सऱ्या दिसतात, हे आम्ही गेली कित्येक वर्षे सांगत आहोत. त्याचा हा दुसरा फायदा.

(२) ऊस दाटला की बांधाने फिरा. चौकोनी एकराचा परिघ सुमारे २५० मीटर. चार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. पायात बूट किंवा जाड चप्पल हवीच. धसावर अनवाणी कोणीही जाऊ नये, मधुमेह असणाऱ्याने तर कधीच नाही. रोज रात्री दिव्याखाली तळपाय पाहावेत.

(३) गाडी अलीकडे लावा. शेत एक किलोमीटरवर असेल तर गाडी घरीच राहू द्या. राजापूरच्या बाजारात आलात तर गाडी एकीकडे लावून सर्व कामे पायी करा. सड्यावरच्या वाडीला पाखाडी असेल तर दिवसातून एकदा ती चढा. चढ हा फुकटचा दवाखाना आहे.

(४) ताकद राखा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. साधन नको, जागा सतरंजीएवढी. पाचपासून सुरू करून सोसवेल तसे वाढवावेत. गुडघे धरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. तरुणांनी जाखडीचा सराव शिमगा-गणपतीपुरता न ठेवता वर्षभर ठेवला तर त्यासारखा व्यायाम नाही.

(५) बसणे तोडा. दुकानाचा बाक, टी. व्ही., सोसायटीची सभा, कुठेही अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चाला. रात्रीच्या जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे फेऱ्या घाला.

(६) चहाचा हिशेब. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर. दिवसाला सहा कप म्हणजे ६० ग्रॅम, महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम, एकट्या माणसाची, एकट्या चहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध सर्व मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापावे का, असे आमचे एक सहकारी हसत म्हणाले. आमचे उत्तर असे की, सभासद टिकला तर ऊस टिकेल. साखर विकावी भरपूर, खावी बेताने.

७. भगिनींसाठी आणि टोळीसाठी

वरचा हिशेब बहुतेक पुरुष सभासदांचा आहे. घरातील बायका आजही लावणी, खुरपणी, पाणी, लाकूडफाटा, चूल यांत दिवसभर उभ्याच असतात. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत असेही दिसले की गरोदरपणी अति कष्टाचे काम करणाऱ्या मातांची बाळे आणखी लहान जन्मली. तेथे उपाय उलटा. गरोदर बाईला विसावा आणि पोटभर सकस अन्न, आणि तिचे काम घरातल्या बाप्यांनी वाटून घ्यावे. आपल्याला व्यायाम हवाच आहे, मग पाण्याची कळशी उचलायला काय हरकत आहे?

तोडणी मजुरांनाही चालायला सांगण्याची गरज नाही. त्यांना धोका उन्हाचा. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्व्हादोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण फार वाढले, आणि उन्हातले जड काम व पाण्याची तूट हे त्याचे मोठे कारण मानले जाते. तिथे पाणी, विसावा, सावली या तीन गोष्टी नेमाने दिल्यावर फरक पडला. आपल्या फडावर टोळी आली की पिण्याचे स्वच्छ पाणी आणि झाडाखाली बसायला जागा, ही जबाबदारी प्लॉटमालकाची समजावी.

८. नेहमीचे प्रश्न

"साखर नको, गूळ चालेल ना?" नाही. गुळातही बहुतांश साखरच. रक्तातली साखर गुळानेही चढते.

"काही त्रास नाही, मग तपासू कशाला?" तात्यांनाही त्रास नव्हता. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा अधिक आली तर मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावी. मधली म्हणजे उंबरठा. रक्तदाब १४० / ९० च्या आत असावा. तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गावच्या आशाताईंना विचारावे.

"चालायला लागलो, आता गोळ्या बंद करू?" स्वतःच्या मनाने कधीच नाही. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्याने व्यायाम वाढवताना डॉक्टरांना सांगावे आणि खिशात खाऊ ठेवावा, कारण साखर एकदम उतरू शकते. चालताना छातीत दाटले, धाप लागली, चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

शेवटी

तात्यांच्या घरून परतताना आम्हीही मोटरसायकलवरच होतो. प्लॉट पाहणी करतो असे म्हणतो खरे, पण आमचाही दिवस गाडीच्या सीटवर आणि कार्यालयाच्या खुर्चीत जातो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. उपाशीपोटी ११२. उंबरठ्यावर आमचाही एक पाय पडला होता. तेव्हापासून प्लॉटवर गेलो की गाडी रस्त्याला लावतो आणि निदान एक एकराच्या सऱ्या चालून येतो. सहा महिन्यांनी ९९ आली. काठावरच आहे, पण उतरणीला आहे.

तात्या आता गोळ्याही घेतात आणि रोज सकाळी बूट घालून सऱ्याही चालतात. यंदाच्या लागणीत पोंगेमर त्यांनीच आम्हाला आधी दाखवली. म्हणाले, "साहेब, बांधावरून हे दिसलंच नसतं." साखर बरीच खाली आली आहे. गेलेले बोट मात्र येणार नाही. इतरांचे वाचावे म्हणून त्यांनी हे सर्व लिहायला परवानगी दिली, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

यापुढे राजापूर गटातील शेती मदतनीस लागण नोंदीला येतील तेव्हा त्यांच्याजवळ मोजफीत असेल. उसाच्या सरीबरोबर कंबरेचेही माप घ्यावे, लाजू नये. ऊस नोंदीच्या वहीत शेवटच्या पानावर आपली कंबर, रक्तदाब आणि साखर तारखेसह लिहून ठेवावी, आणि पुढील हंगामात तोच आकडा पुन्हा पाहावा.



आपला,
ऊस विकास अधिकारी,
गट कार्यालय, राजापूर